तिची कमर आणि तिचा श्वास

गेल्या डिसेंबरात एका सकाळी एक धावपटू मुलगी वडिलांसोबत माझ्याकडे आली आणि मी काही विचारण्याआधीच वडिलांनी हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. तीत ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटॅमॉल एकत्र असलेल्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप होती, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या होत्या, खोकल्याच्या औषधाची बाटली होती, श्वासातून औषध ओढायचा निळ्या रंगाचा पंप होता, कमरेला बांधायचा रुंद पट्टा होता आणि कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हाताने मणक्यांना झटका देण्याच्या उपचाराच्या, सात बैठकांचे पैसे आगाऊ भरल्याची पावती होती. मुलगी एकोणीस वर्षांची, विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी म्हणून १५०० मीटरची तयारी करणारी. "कमर दुखते अन् धावली की दम भरते, मॅडम," वडील म्हणाले. "सर्व करून पाहिलं. आता तुम्हीच सांगा."

मी नागपुरात एकवीस वर्षे फिजिओथेरपी करते आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे मैदानावरच्या मुलामुलींसोबत गेली आहेत. ही हकिकत मी त्या मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने, तिची ओळख पटेल असे तपशील वगळून लिहीत आहे. लिहिण्याचे कारण असे की त्या पिशवीतली प्रत्येक वस्तू प्रेमापोटी, काळजीपोटी घरात आलेली होती आणि तरीही त्यांतल्या काही वस्तू तिच्या शरीराला आणि काही तिच्या खेळाला धोका निर्माण करणाऱ्या होत्या. अशी पिशवी मी दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या हातात पाहते.

सर्वांत आधी मी ट्रॅमाडॉलची स्ट्रिप बाजूला काढली. वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या गोळ्या उरल्या होत्या आणि मुलीची कमर रात्री ठणकू लागली की आई त्यांतली एक देत असे. हे ओपिऑइड गटातले औषध आहे, म्हणजे अफूतले मॉर्फिन मेंदूतल्या ज्या जागांवर काम करते त्याच जागांवर हेही काम करते, याची त्या घरात कोणालाच कल्पना नव्हती. २०१८ साली सरकारने ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले ते याच कारणाने. मळमळ, गरगरणे, बद्धकोष्ठता हे त्रास लगेच जाणवतात आणि सवय मात्र नकळत लागते. शिवाय या गटातली औषधे मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला मंद करतात, आणि झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर हा परिणाम जिवावर बेतू शकतो. ज्या मुलीला धावल्यावर श्वास पुरत नाही तिच्या हाती हे औषध असणे मला अस्वस्थ करून गेले.

एवढे करून कमरेला त्याचा उपयोग तरी किती? ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नुकतेच सुरू झालेले कमरेचे किंवा मानेचे दुखणे असलेल्या ३४७ रुग्णांपैकी काहींना ओपिऑइड गोळी आणि काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मोठी शस्त्रक्रिया, गंभीर अपघात, कर्करोगाच्या वेदना या ठिकाणी ओपिऑइड औषधांची जागा पक्की आहे, आणि तिथे ती न मिळणे हा रुग्णावर अन्यायच आहे. सरावाने आखडलेली कमर ही मात्र त्यांची जागा नव्हे. खेळाडूंसाठी आणखी एक गोष्ट आहे. १ जानेवारी २०२४ पासून ट्रॅमाडॉल स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे आणि "घरात पडलेली गोळी घेतली" हे उत्तर उत्तेजक चाचणीच्या सुनावणीत चालत नाही.

डायक्लोफेनॅकबद्दल थोडक्यात सांगते. ही ओपिऑइड गोळी नाही आणि चार-पाच दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून घेतली तर अनेकांना तिचा उपयोग होतो. पण दमा असलेल्या काही जणांची छाती ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनीच आवळते, म्हणून दम लागणाऱ्या खेळाडूने वेदनाशामक घेण्याआधी हा प्रश्न विचारून घेतला पाहिजे. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जात असताना, पाणी कमी पडलेल्या शरीरात अशी गोळी घेऊन जी मुले धावतात त्यांच्या मूत्रपिंडांवर किती ताण येत असेल याचा विचार कोणी करत नाही.

खोकल्याच्या बाटलीवरची अक्षरे इतकी बारीक होती की मोबाईलचा दिवा लावून मी आणि त्या मुलीने ती मिळून वाचली. ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन, टर्ब्युटालिन. मी तिला तिसऱ्या नावावर बोट ठेवायला लावले. टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारे औषध आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत असते आणि खेळाडूंसाठी ते बाराही महिने, स्पर्धा असो वा नसो, प्रतिबंधित आहे. वैद्यकीय कारण दाखवून रीतसर परवानगी मिळवल्याशिवाय ते घेता येत नाही. साल्ब्युटामॉल म्हणजे निळ्या पंपातले औषध, पोटातून घेतले तर त्याचेही तेच. पंपातून घेतलेल्या साल्ब्युटामॉलला मात्र मर्यादेत परवानगी आहे, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत. म्हणजे एकच औषध पंपात चालते आणि चमच्यात चालत नाही. आपल्या मुलांना हे कोणी सांगतच नाही. ती बाटली पाहून त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, कारण नोव्हेंबरात ज्या स्पर्धेत ती धावली त्या आठवड्यात तिने ते औषध दिवसातून तीनदा घेतले होते. त्या स्पर्धेत तिची चाचणी झाली नव्हती.

आता त्या पावतीकडे वळते, कारण वडिलांची खरी आशा तिच्यावर होती. ज्या ठिकाणी ते तिला घेऊन गेले होते तिथे त्यांना सांगण्यात आले की मुलीच्या पाठीचा एक मणका सरकला आहे, त्यामुळे फुप्फुसाकडे जाणारी नस दबली आहे, आणि मणका जागेवर बसवला की कमर आणि दम दोन्ही बरे होतील. तीन बैठका झाल्या होत्या. "कडकड असा आवाज आला अन् त्या दिवशी कमर एकदम हलकी झाली," ती म्हणाली. दम तसाच होता.

कमर हलकी झाली यात खोटे काही नव्हते, हे मी तिच्या वडिलांना आधी सांगितले. माझ्या व्यवसायातले अनेक जण कायरोप्रॅक्टिकचे नाव निघाले की हात झटकतात. मला ते बरोबर वाटत नाही. मणक्यांच्या सांध्यांना हाताने दिलेल्या नेमक्या झटक्याचा कमरदुखीला काही काळ आणि माफक प्रमाणात उपयोग होतो, असे पुरावे सांगतात. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कमरदुखीसाठी औषधांच्या आधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर आणि मणक्यांचे हस्तोपचार सुचवले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कमरदुखीबद्दल पहिल्यांदा सूचना काढल्या, त्यांतही व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणे, मालिश यांच्या जोडीला हस्तोपचार आहेत. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन (कमर ओढून ताणणे) आणि ओपिऑइड गोळ्या मात्र नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असे तिथे म्हटले आहे. धंतोली-रामदासपेठेच्या रस्त्यांवर उभे राहिले तर दर दहा मिनिटांनी एक कमरपट्टा डोळ्यांसमोरून जातो, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम लिहिले.

आवाजाबद्दलही लोकांना नेहमी कुतूहल असते. बोटे मोडताना जो आवाज येतो तोच हा. सांध्यातली पृष्ठे झटक्याने दूर होतात तेव्हा आतल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटाच्या सांध्याचे चालू एमआरआय चित्रण करून हे दाखवून दिले. त्या आवाजासोबत कोणतेही हाड जागेवर बसत नाही. आखडलेले स्नायू काही वेळ सैल पडतात, मज्जारज्जूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांवर दुसऱ्या संदेशांचा थर चढतो, आणि कोणीतरी आपल्या दुखऱ्या जागेला विश्वासाने हात लावला याचाही आराम असतोच. काटोलकडच्या आमच्या गावी कोणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावत. माझ्या आजीला त्याने बरे वाटलेले मी पाहिले आहे आणि त्या वाटण्याची मी कधी चेष्टा करणार नाही.

अडचण सुरू होते ती कमरेच्या पुढे. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८ सप्टेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी ज्या पहिल्या रुग्णावर हा उपचार केला, तो हार्वे लिलार्ड नावाचा सफाई कामगार कमरेसाठी आलेला नव्हता, त्याला ऐकू कमी येत होते. मणका जागेवर बसवल्याने त्याची श्रवणशक्ती परत आली असा पामर यांचा दावा होता आणि मणक्यांच्या सरकण्यातूनच बहुतेक आजार होतात अशी मांडणी त्यांनी त्यावर उभी केली. या शाखेतले अनेक जाणते लोक आज ती मांडणी मानत नाहीत आणि आपले काम स्नायू, सांधे, पाठ यांपुरते ठेवतात. पण जुना दावा अजून मरत नाही, आणि दम्यासारख्या आजारात तो आई-बापांच्या खिशाला आणि मुलांच्या फुप्फुसांना महाग पडतो. दमा असलेल्या मुलांवर कॅनडात हा प्रयोग नीट करून पाहिला गेला. १९९८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचा अहवाल आला. नेहमीची औषधे चालू ठेवून काही मुलांना चार महिने खरा कायरोप्रॅक्टिक उपचार आणि काहींना त्याच्यासारखा दिसणारा लुटुपुटीचा उपचार दिला गेला. दोन्ही गटांतल्या मुलांना थोडे बरे वाटले, फुप्फुसांच्या मोजमापात मात्र खऱ्या उपचाराने काही जास्त साधले नाही.

आपल्या देशात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे परदेशात अनेक वर्षांचे शिक्षण घेतलेला माणूस आणि व्हिडिओ पाहून शिकलेला माणूस एकाच पाटीखाली बसू शकतो. म्हणून झटका देण्याआधी समोरचा माणूस काय विचारतो, हे मी रुग्णांना पाहायला सांगते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आहे का, ताप येतो का, वजन उतरले का, पायात बळ कमी झाले का, लघवी-शौचावरचा ताबा सुटला का, घरात कोणाला क्षयरोग झाला होता का. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो आणि अशा मणक्याला झटका देणे म्हणजे अनर्थ ओढवून घेणे आहे. मानेला झटका देऊ देऊ नका असे तर मी स्पष्टच सांगते, कारण क्वचितच का होईना, मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत.

या मुलीला यांतला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. तरुण खेळाडूची कमर मागे वाकताना दुखत असेल तर मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाने बारीक तडा गेला आहे का, हे आधी पाहावे लागते. मी तिला एका पायावर उभे करून मागे वाकायला लावले, डावीकडे थोडे दुखले, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडून एमआरआय करून घेतला. सुदैवाने तडा नव्हता. मग पाळीबद्दल आणि जेवणाबद्दल विचारले. पाळी नियमित होती, पण पहाटे साडेपाचला रिकाम्या पोटी निघणारी ही मुलगी सराव आणि कॉलेज आटोपून थेट दीड वाजता पहिला घास खात होती. त्यावर आम्ही वेगळे बोललो.

श्वासाचे निदान माझ्या खोलीत बसून होणार नव्हते. मी तिच्यासोबत सकाळी मैदानावर गेले. पारा १० अंशांच्या खाली, हवा कोरडी. तिने सरांच्या शिट्टीवर ८०० मीटरच्या दोन फेऱ्या जोरात मारल्या आणि धावताना तिला फारसे काही झाले नाही. ती थांबली, ट्रॅकच्या कडेला बसली, आणि साधारण पाच-सहा मिनिटांनी खोकला सुरू झाला. मी तिच्या पाठीमागे बसून दोन्ही तळवे तिच्या खालच्या बरगड्यांवर ठेवले होते. श्वास सोडताना बरगड्या आत यायला वेळ लागत होता आणि कान जवळ नेला तर श्वासाच्या शेवटी बारीक शीळ ऐकू येत होती. तिचे खांदे कानांकडे चढले होते. तिने पंप काढला, तोंडात एकदा दाबला, आणि औषधाचा पांढरा ढग तिच्या ओठांतून बाहेर येऊन हवेत विरला. आठ महिने ती तो पंप असाच घेत होती.

थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत वाढणारा खोकला आणि श्वास सोडताना येणारी शीळ ही व्यायामाने श्वासनलिका आवळल्याची खूण असते. जोरात धावताना माणूस तोंडाने मिनिटाला कितीतरी पट जास्त हवा ओढतो. ती गरम आणि दमट करता करता नलिकांचे अस्तर कोरडे पडते, त्यातून काही द्रव्ये सुटतात आणि भोवतालचे स्नायू आकसतात. थंड कोरडी हवा आणि धूळ असली की हे वाढते. याची खात्री फक्त मोजून होते. छातीच्या डॉक्टरांनी तिला ट्रेडमिलवर आठ मिनिटे पळवले आणि आधी व नंतर ठरावीक वेळाने यंत्रात फुंकायला लावले. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा अधिक घटली तर चाचणी सकारात्मक धरतात. तिची १९ टक्के घटली होती.

दम लागणाऱ्या प्रत्येक खेळाडूला हाच आजार असतो असे मुळीच नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका खो-खोपटू मुलीला ऐन भरात असताना घशाशी आवळल्यासारखे होत असे, श्वास आत घेताना आवाज येत असे आणि थांबले की दोन-तीन मिनिटांत सारे शांत होई. तिला दोन पंप देऊन झाले होते. तिचा दोष स्वरयंत्राशी होता, धावताना तो भाग अरुंद होत होता, आणि ती श्वासाच्या प्रशिक्षणाने सुधारली. तिसरी एक मुलगी निव्वळ रक्तातले लोह कमी असल्याने धापा टाकत होती. तिघींचीही तक्रार एकाच शब्दात होती: "दम भरते."

या मुलीला डॉक्टरांनी रोजचा, सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप सुरू केला. स्टेरॉइड म्हणताच वडील दचकले. फुप्फुसात ओढून घेतलेल्या या औषधाला ठरवून दिलेल्या मात्रेत खेळाच्या नियमांची मुभा आहे हे त्यांना समजावून सांगितले. नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये, असे दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय सूचनांत २०१९ पासून म्हटले आहे. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप कसा घ्यायचा ते तिच्याकडून तीनदा करून घेतले. सराव सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करायचे आणि त्यात मधूनमधून छोट्या जोरकस धावा घ्यायच्या, असे सांगितले. अशा तयारीनंतर अनेकांच्या नलिका पुढचा तास-दोन तास तितक्या आवळत नाहीत. गार सकाळी तोंडावर ओढणी घ्यायची, आणि शेतातला धूर किंवा रस्त्याची धूळ जास्त असेल त्या दिवशी सराव संध्याकाळवर ढकलायचा.

कमर आणि श्वास यांचा संबंध आहे, आणि तो मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये असलेला श्वासपटल हा स्नायू मागच्या बाजूने थेट कमरेच्या मणक्यांना धरून असतो. तो खाली उतरला की हवा आत येते, आणि त्याच वेळी पोटातला दाब वाढून कमरेला आतून आधार मिळतो. धाप वाढली की त्याचे सारे लक्ष श्वासाकडे जाते आणि कमरेला आधार देण्याचे काम मागे पडते. ही मुलगी रोज सकाळी आवळलेल्या छातीने, खांदे वर खेचून श्वास घेत शेवटच्या फेऱ्या मारत होती. त्या फेऱ्यांत तिची कमर मागे वाकत असल्याचे मी मैदानावर घेतलेल्या व्हिडिओत आम्हा दोघींना स्पष्ट दिसले. म्हणजे मणक्यामुळे दम लागतो या सांगण्यापेक्षा, दमामुळे कमर थकते हे तिच्या बाबतीत जास्त जुळत होते.

पट्टा काढला. तीन आठवडे तिचे अंतर साधारण एक तृतीयांश कमी केले, ते तिच्या सरांनी ऐकले याबद्दल त्यांचे आभार. रात्री गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, हात बरगड्यांच्या कडेला ठेवून लांब श्वास सोडण्याचा सराव, मग त्याच श्वासावर नितंब उचलणे, कुशीवरचा प्लँक, आणि चौथ्या आठवड्यापासून हातात वजन घेऊन एका पायावरचे व्यायाम. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यात कडकड असा आवाज कुठेच येत नाही. पहिले दहा दिवस तिला काहीच फरक वाटला नाही, तेव्हा वडिलांनी हळूच विचारले, की उरलेल्या चार बैठकांना जावे का. पैसे भरलेले होते, त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटले, कमरेला बरे वाटत असेल तर एमआरआयचा अहवाल दाखवून जा, मानेला हात लावू देऊ नका, आणि पंप बंद करा असे कोणी सांगितले तर तिथून उठा. ते एकदा गेले. पंपाबद्दल तेच ऐकायला मिळाले, आणि ते उठून आले.

संक्रांतीनंतर तिची चाचणी पुन्हा झाली, घट ७ टक्क्यांवर आली होती. कमर लांब सरावानंतर अजून थोडी दुखते, पण रात्रीची झोप मोडत नाही आणि तिने त्यानंतर एकही वेदनाशामक गोळी घेतलेली नाही. फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री साडेनऊला तिने मला बाटलीचा फोटो पाठवला. घरात सर्वांना सर्दी-खोकला होता आणि आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे औषध आणले होते. मी फोटो मोठा करून वाचेपर्यंत तिचा दुसरा संदेश आलाही होता: "मॅडम, यातही टर्ब्युटालिन आहे. आईला परत करायला सांगितलं. उद्या छातीच्या डॉक्टरांकडे जाते."